कुंभकोणमची इंग्रजी आणि ‘हॅव’ हे क्रियापद

कुंभकोणममध्ये इंग्रजी भाषा कचेरीच्या वाटेने आली, आणि ‘हॅव’ हे क्रियापदही त्याच वाटेने आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत सरकारी पत्राची सुरुवात ‘आय हॅव द ऑनर टू’ या ठरीव शब्दांनी होत असे. नक्कल करणाऱ्या कारकुनाला ही ओळ ‘हॅव’चा अर्थ कळण्याच्या आधीच पाठ झालेली असे. पुढे शाळा निघाल्या, महाविद्यालय निघाले, विद्यापीठाच्या परीक्षा आल्या. तरी इंग्रजीतल्या या अगदी लहान आणि सतत लागणाऱ्या क्रियापदाचा व्यवस्थित अभ्यास व्हायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. त्याची कारणे या गावाच्या भाषिक इतिहासात आहेत.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले हे देवळांचे गाव तंजावरहून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. 17व्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापले, तेव्हापासून कुंभकोणम त्या राज्यात होते. 1799च्या तहाने दुसऱ्या सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. 1855मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुरुष वारसाविना निवर्तले आणि राज्य संपले. या पावणेदोनशे वर्षांत गावात चार भाषा नांदत होत्या. रस्त्यावर आणि शेतात तमिळ, पाठशाळेत आणि देवळात संस्कृत, गाण्यात तेलुगू आणि दप्तरात मराठी. मराठी दप्तर मोडीत लिहिले जाई आणि ते लिहिणारी बरीचशी घराणी देशस्थ ब्राह्मणांची होती. कंपनीचा अंमल आला तरी दक्षिणेतल्या अनेक जिल्ह्यांच्या हुजूर कचेऱ्यांत हिशेब बराच काळ मराठीतच राहिले, म्हणून शिरस्तेदार आणि कारकून यांच्या जागाही याच घराण्यांकडे राहिल्या. दप्तराची भाषा बदलू लागली तेव्हा सर्वांत आधी धक्का त्यांनाच बसला आणि सर्वांत आधी इंग्रजीकडे तेच वळले. त्यामागे हौस थोडी आणि पोटाचा प्रश्न मोठा होता.

तंजावरच्या दरबारात इंग्रजीची ओळख याआधीच झाली होती. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ हा जर्मन मिशनरी तुळजाजी महाराजांच्या विश्वासातला होता आणि सरफोजींच्या शिक्षणावर त्याची देखरेख होती. 1780च्या दशकात रेसिडेंट जॉन सलिव्हन आणि श्वार्ट्‌झ यांच्या खटपटीने तंजावर, रामनाड आणि शिवगंगा येथे देशी मुलांसाठी इंग्रजी शाळा निघाल्या. कंपनीच्या संचालकांनी त्यांना वार्षिक मदत दिली. मेकॉलेच्या 1835च्या टिपणाआधी जवळजवळ 50 वर्षे हे घडले, ही गोष्ट इंग्रजी शिक्षणाच्या मराठी इतिहासांत क्वचितच सांगितली जाते. सरफोजींनी पुढे नवविद्या कलानिधी शाळा काढली, देवनागरी छापखाना घातला आणि 19व्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून घेतले. 1826मध्ये बिशप हेबर तंजावरला आला, तेव्हा राजाची इंग्रजी आणि युरोपीय विज्ञानातली त्याची गती पाहून तो चकित झाला होता.

या वातावरणातून तयार झालेला एक माणूस तर भाषेच्याच नावाने ओळखला गेला. तंजावरचे सुब्बाराव हे मराठी देशस्थ त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांना इंग्रजी शिकवायला गेले आणि पुढे तिथले दिवाण झाले. लोक त्यांना ‘इंग्लिश सुब्बाराव’ म्हणत. गणित येणाऱ्याला गणिताच्या नावाने किंवा वैद्याला वैद्यकाच्या नावाने हाक मारावी इतके इंग्रजी येणे त्या काळी दुर्मीळ होते.

कुंभकोणममध्ये जन्मलेल्या पुढच्या पिढीला इंग्रजीसाठी गाव सोडावे लागले. टी. माधवराव यांचा जन्म 1828चा, त्यांचे नातलग आर. रघुनाथराव यांचा 1831चा. 1841मध्ये मद्रासला सरकारी हायस्कूल सुरू झाले. केंब्रिजहून गणितात रँग्लर होऊन आलेले एअर बर्टन पॉवेल त्याचे मुख्याध्यापक होते आणि माधवराव त्यांचे विद्यार्थी. काही काळ माधवरावांनी तिथे शिकवलेही. 1849पासून ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक होते. 1857 ते 1872 त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि 1875 ते 1882 बडोद्याचे दिवाण म्हणून त्यांनी जो कारभार केला, तो मराठी वाचकांना सयाजीरावांच्या चरित्रांतून परिचित आहे. ब्रिटिश पार्लमेंटात हेन्री फॉसेट यांनी फ्रान्सच्या सुधारक मंत्र्याच्या नावावरून त्यांना हिंदुस्थानचे त्युर्गो म्हटले होते. रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले, विधवाविवाहाच्या बाजूने शास्त्रार्थ करत राहिले आणि 1887मध्ये रानड्यांबरोबर सामाजिक परिषदेच्या स्थापनेत पुढे होते. या माणसांची इंग्रजी अहवालाची, टिपणाची, युक्तिवादाची होती. रेसिडेंटाशी बरोबरीच्या नात्याने बोलायचे तर तशीच इंग्रजी हवी होती, आणि ती त्यांनी पूर्णपणे कमावली.

गावातली पहिली महत्त्वाची सरकारी शाळा 19 ऑक्टोबर 1854 रोजी प्रांतिक शाळा म्हणून उघडली. 1867मध्ये तिचे सरकारी महाविद्यालय झाले. 1881मध्ये शालेय वर्ग बंद होऊन ते पूर्ण महाविद्यालय बनले. केंब्रिजचे विल्यम आर्चर पोर्टर आणि टी. गोपाळराव या दोन प्राचार्यांनी त्याला नाव मिळवून दिले. कावेरीच्या काठावरच्या या संस्थेला लोक दक्षिण भारताचे केंब्रिज म्हणू लागले. तमिळचे थोर संशोधक उ. वे. स्वामिनाथ अय्यर 1880मध्ये इथेच तमिळ शिकवायला आले आणि 1903पर्यंत राहिले. ‘जीवक चिंतामणी’ या प्राचीन महाकाव्याची त्यांची आवृत्ती 1887मध्ये निघाली, ती याच काळात. इंग्रजीच्या या गडात तमिळच्या पुनरुज्जीवनाचे एवढे मोठे काम झाले, ही कुंभकोणमची खरी श्रीमंती आहे.

इंग्रजी शिकवण्याची पद्धत मात्र साधी आणि कठोर होती. उतारा वाचायचा, कठीण शब्दांचे अर्थ पाठ करायचे, वाक्य घेऊन त्यातल्या प्रत्येक पदाचे व्याकरण चालवायचे, आणि भाषांतर करायचे. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर जी पिढी वाढली, तिला हा क्रम ओळखीचा वाटेल. संस्कृतची रूपे चालवण्याची सवय असलेल्या मुलाला व्याकरण चालवणे जड नव्हते. शतकाच्या अखेरीस जे. सी. नेसफील्ड यांची व्याकरणे हिंदुस्थानभर शाळांत आली आणि हीच शिस्त आणखी घट्ट झाली. या पद्धतीत मोठ्या शब्दाला मान होता. ‘मॅग्नॅनिमस’सारखा शब्द वहीत उतरवून घेतला जाई. ‘हॅव’ साहाय्यक क्रियापदांच्या कोष्टकात असे: हॅव, हॅज, हॅड. कोष्टक पाठ झाले की क्रियापद आले, अशी समजूत होती. वास्तविक ‘हॅव’चे काम कोष्टकाच्या बाहेरच सुरू होते.

कुंभकोणमच्या मुलाला या क्रियापदाची अडचण का पडे, ते त्याच्या घरच्या भाषांकडे पाहिल्यावर कळते. मराठीत मालकी दाखवणारे स्वतंत्र क्रियापद नाही. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘त्याला ताप आहे’, ‘गाईला शिंगे असतात’: चारही ठिकाणी क्रियापद ‘असणे’ आहे, आणि वस्तू कोणाची हे विभक्तीवरून किंवा शब्दयोगी अव्ययावरून समजते. जवळ बाळगलेल्या वस्तूला ‘माझ्याकडे’ किंवा ‘माझ्याजवळ’, नात्याला आणि दुखण्याला ‘मला’, असा बारीक भेदही मराठी करते. तमिळमध्येही रचना अशीच आहे. पैसा जवळ असेल तर ‘एन्निडम् पणम् इरुक्किरदु’, धाकटा भाऊ असेल तर ‘एनक्कु ओरु तम्बि इरुक्किरान्’. क्रियापद ‘इरु’, म्हणजे असणे. माणसाचा उल्लेख इथेही विभक्तीत. संस्कृतमध्येही ‘मम पुस्तकम् अस्ति’. गावात बोलल्या आणि शिकल्या जाणाऱ्या या तीन भाषांत वस्तू कर्ता असते आणि माणूस बाजूला उभा असतो. इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि वस्तू कर्म. पुस्तक, भाऊ, ताप आणि शिंगे या सर्वांना एकच ‘हॅव’ पुरते.

गोंधळ इथे थांबत नाही. मराठीत ‘मी आलो आहे’, तमिळमध्ये ‘नान् वन्दिरुक्किरेन्’: पूर्ण वर्तमानकाळही दोन्ही भाषा ‘असणे’ याच धातूने बनवतात. म्हणजे मालकी आणि पूर्ण झालेली क्रिया ही दोन्ही कामे मराठीत आणि तमिळमध्ये एका क्रियापदाकडे आहेत, आणि इंग्रजीतही ती एकाच क्रियापदाकडे आहेत. फक्त इंग्रजीने त्यासाठी ‘बी’ न निवडता ‘हॅव’ निवडले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा सुंदर जुळा नमुना आहे. शिक्षकाने तो मुलांपुढे मांडला असता तर अर्धी अडचण मिटली असती. पण पाठ्यपुस्तके लंडनच्या व्याकरणाच्या क्रमाने चालत आणि घरच्या भाषेतली रचना समजावून सांगण्याला त्यांत जागा नव्हती. मग ‘आहे’ला ‘इज’ हे समीकरण मनात बसे, आणि ‘मी आलो आहे’ याचे ‘आय ॲम कम’ होई.

भूतकाळात याहून चिवट चूक होते. ‘काल मी तंजावरला गेलो होतो’ हे अगदी रोजचे मराठी वाक्य. तमिळमध्येही जाऊन परत आलेला माणूस ‘पोयिरुन्देन्’ म्हणतो. त्याचे शब्दशः इंग्रजी ‘आय हॅड गॉन’ होते. पण इंग्रजीत ‘हॅड’ची ही रचना भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधीचे सांगताना लागते, कालची एकच गोष्ट सांगायची तर ‘आय वेंट’ पुरते. ही चूक मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषांच्या माणसांच्या इंग्रजीत आजही सारखीच सापडते, कारण तिचे मूळ दोन्हीकडे सारखे आहे.

‘हॅव’ची बाकीची कामे कोष्टकात कुठेच बसत नव्हती. ‘हॅव टू’ म्हणजे करावे लागणे. ‘हॅव ए बाथ’ म्हणजे आंघोळ करणे, ‘हॅव कॉफी’ म्हणजे कॉफी घेणे. ‘हॅव’नंतर वस्तू आणि मग धातुसाधित आले की ‘दुसऱ्याकडून करवून घेणे’ असा अर्थ होतो: सदरा शिवून घेणे, घर रंगवून घेणे. शेवटचा अर्थ मराठी माणसाला ‘घेणे’ या साहाय्यक क्रियापदातून चटकन उमगावा असा आहे. पण जुन्या भाषांतरपद्धतीत त्यासाठी ‘कॉज टू बी’ ही बोजड रचना शिकवली जाई, कारण कायद्याच्या आणि सरकारी हुकुमांच्या इंग्रजीत ती सर्रास भेटे.

हे क्रियापद सगळ्यांना सारखेच अडत नाही. उदाहरणार्थ, चिनी विद्यार्थ्याची अडचण याच्या उलट बाजूने येते. चिनी भाषेत ‘योऊ’ हे क्रियापद आहे आणि त्याची मालकीची रचना इंग्रजीसारखीच चालते: माणूस आधी, मग ‘योऊ’, मग पुस्तक. म्हणून पुस्तक असणे, भाऊ असणे हे त्याला पहिल्या दिवशी जमते. पण हेच ‘योऊ’ एखाद्या ठिकाणी काही आहे हे सांगायलाही वापरतात, त्यामुळे ‘खोलीत एक माणूस आहे’ या वाक्यात तो ‘देअर इज’च्या जागी ‘हॅज’ घालतो. कुंभकोणमचा मुलगा तिथे अडखळत नाही. त्याच्या भाषांनी ‘असणे’ त्याला आधीच दिलेले असते. शिवाय चिनी क्रियापदाला काळाचे प्रत्यय नसल्याने ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ ही रूपेच त्याला नवी असतात, तर इथला मुलगा रूपांना घाबरत नाही, तो अर्थाला अडतो. एकाच शब्दाच्या दारात दोघे दोन वेगळ्या दिशांनी येतात. म्हणून त्यांच्यासाठी एकच पाठ्यपुस्तक पुरत नाही.

परीक्षांनी या साऱ्या प्रकाराला निर्णायक धार दिली. 1857मध्ये मद्रास विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजीत उत्तीर्ण होणे पुढच्या शिक्षणाची अट बनली. श्रीनिवास रामानुजन या अटीवर अडले. कुंभकोणमच्या 1864मध्ये निघालेल्या टाउन हायस्कूलमधून ते 1904मध्ये बाहेर पडले, तेव्हा गणिताचे रंगनाथराव पारितोषिक त्यांना मिळाले होते. सरकारी महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि इंग्रजी निबंधात नापास झाल्यामुळे ती गेली. शाळेत असताना प्राथमिक परीक्षेत इंग्रजीसह सर्व विषयांत ते जिल्ह्यात अव्वल होते, म्हणजे भाषा त्यांना येत नव्हती असे नाही. मन गणितात गुंतले होते आणि निबंधाच्या इंग्रजीला वेगळी मेहनत लागे. एका विषयातल्या अपयशाने असा विद्यार्थी बाहेर फेकला जावा, हा त्या परीक्षापद्धतीचा गंभीर दोष होता आणि त्याची किंमत रामानुजन यांनी अनेक वर्षांच्या विवंचनेत मोजली. 16 जानेवारी 1913 रोजी त्यांनी केंब्रिजचे गणिती हार्डी यांना लिहिलेल्या पत्राची सुरुवात ‘बेग’ या अर्जातल्या क्रियापदाने होते. जगाच्या गणिताला वळण देणारे पत्रही कचेरीच्याच साच्यात सुरू झाले.

याच महाविद्यालयाने इंग्रजीचा एक असाधारण जाणकारही दिला. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांचा जन्म 1869मध्ये कुंभकोणमजवळच्या वलंगैमानचा. नेटिव्ह हायस्कूल आणि सरकारी महाविद्यालय येथे शिकून ते पदवीधर झाले, शिक्षक झाले, मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. 1907मध्ये ते पुण्याच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि 1915मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर त्याचे अध्यक्ष झाले. त्यांचे वक्तृत्व साम्राज्यभर गाजले. गांधींच्या आत्मकथेच्या इंग्रजी भाषांतराची 1940ची आवृत्ती एका आदरणीय मित्राने तपासली आणि नाव प्रकट न करण्याची अट घातली, असे महादेव देसाई यांनी प्रस्तावनेत नोंदवले. ते मित्र म्हणजे शास्त्री. त्यांच्या इंग्रजीची थोरवी लांब शब्दांत नव्हती. नेमके साधे क्रियापद नेमक्या जागी बसवण्यात होती, आणि हे त्यांना कोष्टकाने दिले नव्हते. अखंड वाचनाने आणि कानाने दिले होते. ज्याला ते साधणार नाही अशा सामान्य मुलासाठी वाट काढणे शिल्लक होते.

ती वाट 1920नंतर मुख्यतः आशियात शिकवणाऱ्या शिक्षकांनी शोधली. ढाक्याला मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांना कोणते शब्द सर्वांत जास्त लागतात हे पाहून वाचनमाला तयार केल्या. सी. के. ऑग्डेन यांनी 1930मध्ये 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. तिच्यात क्रियापदे अवघी 18 होती आणि ‘हॅव’ त्यांत होते. आय. ए. रिचर्ड्स यांनी ती चीनमध्ये नेली. 1937मध्ये जपानशी युद्ध पेटले आणि ते काम विस्कटले. मुंबईत ॲडॉल्फ मायर्स यांनी तिचा प्रचार केला. जपानमध्ये शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांचा शब्दकोश 1942मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. हॉर्नबींनी क्रियापदांच्या 25 रचना ठरवल्या आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या रचनांचे क्रमांक घातले. कोशात ‘हॅव’, ‘गेट’, ‘टेक’ यांना मोठी जागा मिळाली आणि दुर्मीळ मोठे शब्द मागे सरले. शिकणाऱ्याच्या बाजूने विचार करणारा हा बदल फार मोलाचा होता.

मद्रास राज्यात तो 1950नंतर पोचला. रचनाधिष्ठित अभ्यासक्रम आला, आणि 1959मध्ये सुरुवातीचे वर्ग शिकवणाऱ्या 27,000 शिक्षकांना नव्या पद्धतीचे प्रशिक्षण देण्याची मोहीम निघाली. शिकलेल्या शिक्षकांनी पुढच्यांना शिकवायचे अशी ती वाढत जाणार होती, म्हणून तिला ‘मद्रास स्नोबॉल’ हे नाव पडले. आता मुलाने दाराकडे चालत जायचे आणि ‘आय ॲम वॉकिंग टू द डोअर’ म्हणायचे. हातात वस्तू घेऊन ‘आय हॅव ए बुक’ म्हणायचे. व्याकरण चालवण्याच्या जागी वाक्य वापरणे आले, हे चांगले झाले. पण चालू वर्तमानकाळ सर्वांत आधी आणि इतका घोटून घेतला गेला की ‘-इंग’ जिभेवर बसले. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही रचना त्याआधीही भारतीय इंग्रजीत होती. या घोटून घेण्याने तिला बळच मिळाले असावे. इंग्रजीत ‘हॅविंग’ चालते ते जेवण, चर्चा, त्रास अशा घडत असलेल्या गोष्टींना. भाऊ, घर, पुस्तक यांना नाही. हा भेद मराठी माणसाला सांगण्याचा सोपा उपाय आहे: वाक्यात नुसते ‘आहे’ असेल तर ‘हॅव’, ‘घेतो आहे’ किंवा ‘करतो आहे’ असेल तरच ‘हॅविंग’.

1968मध्ये मद्रास राज्याने, म्हणजे आजच्या तमिळनाडूने, तमिळ आणि इंग्रजी असे द्विभाषा धोरण स्वीकारले. तेव्हापासून कुंभकोणम, तंजावर भागातल्या मराठी घरांतली मुले शाळेत या दोन भाषा शिकतात. मराठी घरात बोलली जाते, आणि मोडी तर वाचणारेही फार थोडे उरले. या मुलांच्या पाठ्यपुस्तकात ‘हॅव’ही बदलले आहे. नेसफील्डच्या काळातले पुस्तक प्रश्न ‘हॅव यू ए पेन?’ असा शिकवी आणि नकार ‘आय हॅव नॉट ए पेन’ असा. विसाव्या शतकात अमेरिकेतला ‘डू यू हॅव?’ हा प्रकार इंग्लंडमध्येही रुळला आणि मालकीच्या अर्थी ‘हॅव’ इतर साध्या क्रियापदांसारखे चालू लागले. जुना प्रकार आता वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आणि जुन्या वाचनमालांत सापडतो. वर्गात ‘डू यू हॅव ए पेन?’ आणि ‘आय डोन्ट हॅव ए पेन’ हेच शिकवले जाते. पूर्ण वर्तमानकाळात मात्र ‘हॅव’ अजूनही ‘डू’ची मदत घेत नाही.